आतली बोटं

बायको गेल्यापासून दर बुधवारी दुपारी मी एकटाच बोलिंगच्या हॉलमध्ये पिना पाडायला जातो. तिथले बॉल म्हणजे सार्वजनिक चपला, कुणाच्याच मापाचे नाहीत. शेवटी स्वतःचा घ्यायचं ठरवलं.

"खेळाकडून अपेक्षा काय आहे, काका?" दुकानदारानं विचारलं. "वळणारा बॉल देऊ की सरळ जाणारा?"

"दुपार सरावी, एवढीच अपेक्षा."

"मग सरळ जाणारा घ्या. बेताच्या वजनाचा."

त्यानं माझ्या बोटांचं माप घेतलं आणि एका कोऱ्या निळ्या बॉलला माझ्यासमोरच तीन भोकं पाडली.

मी बोटं घातली. अंगठा छान बसला. बाकीच्या दोन बोटांना मात्र तळाशी काहीतरी मऊ, कोमट लागलं. मग बोटांनी बोटं धरावीत तसं ते हळूच माझ्या बोटांभोवती वळलं आणि सुटलं.

"तळ लागतोय," मी कसाबसा म्हणालो.

त्यानं स्वतःची बोटं घालून पाहिली. "छे, अजून अर्धा इंच जागा आहे. तरी खोल करून देतो, दोन मिनिटांचं काम." तो बॉल पुन्हा मशिनखाली धरू लागला.

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की तो दचकलाच.

आठवडाभर बॉल मांडीवर घेऊन, भोकांत बोटं घालून टीव्ही पाहिला. बुधवारी हॉलमध्ये गेलो आणि हाताच्या सवयीनं तो फेकून मोकळा झालो.

सात पिना पडल्या. बॉल जमिनीखालच्या अंधारातून गडगडत परत आला. मी घाईघाईनं बोटं घातली.

आतली बोटं थरथरत होती. त्यांनी माझी बोटं घट्ट धरली, आणि या वेळी सोडली नाहीत.