दुकानाला पत्ता हवा

“माझ्या घराचा पत्ता? तुझ्या दुकानाला?” ओक्काबाईंनी चहाची किटली अशी आदळली की झाकण उडालं. “लाज वाटते का काही?”

टोमके मान खाली घालून बसली होती. गेल्या हिवाळ्यात ती याच बाईच्या मुलाचं, हायोचं, घर सोडून पळाली होती. आज दोन बस बदलून फ्रिसियातल्या या समुद्रकाठच्या गावी, सासूच्याच दारात आली होती. दुसरं होतं कोण? आईबाप मातीआड गेलेले, आणि मैत्रिणी हायोच्या नावानेच गप्प व्हायच्या.

“अहो आई, कायदाच तसा आहे. ऑनलाइन माल विकायचा तर पानावर विकणाऱ्याचं खरं नाव आणि माणूस सापडेल असा पत्ता लागतो. टपालपेटीचा नंबर चालत नाही. तुम्ही फक्त टपाल घ्यायचं आणि मला फोन करायचा.”

“आणि तुझ्या खोलीचा पत्ता टाकला तर काय आभाळ कोसळेल?”

“हायो येईल.”

ओक्काबाईंनी नाक मुरडलं. “विकणार काय, तर म्हणे सपाता! समुद्राच्या बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांची लोकर कुटून केलेल्या. मेंढीच्या अंगावरचा मळ पायात घालायला लोक पैसे मोजणार?”

“मोजतात. जत्रेत सगळ्या खपल्या.”

“जत्रेत लोक बिअर पिऊन येतात.”

टोमकेने ओठ चावला. ही बाई काही आजची अशी नव्हती. हायोने टोमकेचं मनगट मोडलं त्या दिवशीही ती मूग गिळून बसली होती. पण आता मानापमानाला जागा उरली नव्हती. कारखान्याने माणसं कमी केली होती, त्यात टोमकेचाही नंबर लागला होता. सपाता खपल्या तर खोली टिकणार. खोली गेली तर हायोच्या घरी परतणं तेवढं उरणार. आणि तिथून दुसऱ्यांदा जिवंत निघता येईल याची तिला खात्री नव्हती.

मागचं दार धाडकन उघडलं.

“वा! व्यापारीणबाई आल्यात!” हायो दारातच उभा होता. कुणीतरी तिला बसमधून उतरताना पाहिलं असणार. छोट्या गावात चुगलीला पाय लागत नाहीत. “आई, चहा ओत.”

ओक्काबाईंनी निमूटपणे त्याच्यासाठीही कप मांडला. खडीसाखर टाकली, वर चहा ओतला, साय सोडली. हायोने तो दोन घोटांत संपवला आणि खुर्ची टोमकेच्या जवळ ओढली.

“दुकान काढतेस म्हणे. काढ की! मी रोज बघतो, लोकरीच्या सपाता विकणाऱ्यांची पानं. एकेकीचं नाव वाचतो, पत्ता वाचतो. तुझा काही दिसेना. टाक बाई लवकर. पहिलं गिऱ्हाईक मीच.”

टोमकेने सासूकडे पाहिलं. सासू टेबलावरचा कपडा सारखा करत होती.

“नाहीतर असं कर,” हायोने तिचं मनगट धरलं, बरोबर मोडलं होतं तिथे. “आत्ताच सांग. कुठे राहतेस? कुणाबरोबर?”

तिने हात ओढून पाहिला. त्याने दाबलं. तिच्या तोंडून आवाज निघालाच. दुसऱ्या हाताने त्याने रिकामा कप आईपुढे सरकवला, जणू घरात काही घडतच नव्हतं.

ओक्काबाईंनी किटली उचलली नाही. त्यांनी हायोच्या बशीतला चमचा उचलला आणि त्याच्या कपात ठेवला.

फ्रिसियात चमचा कपात ठेवला म्हणजे बस, आता नको. तो ज्याचा त्याने ठेवायचा, तोही तिसऱ्या कपानंतर. तीन कप न देता इथे कुणी वैऱ्यालाही उठवत नाही. यजमानिणीने पाहुण्याच्या कपात चमचा ठेवलेला टोमकेने जन्मात पाहिला नव्हता. हायोनेही पाहिला नसावा. त्याची बोटं आपोआप सुटली.

“आई, मी तुझा मुलगा आहे.”

“म्हणून तर एक कप दिला. ऊठ.”

“हिच्यासाठी? या भिकारडीसाठी? मरशील तेव्हा तुला खांदा द्यायला कुणी येणार नाही, म्हातारे!”

“तू तर येऊच नकोस.”

त्याने खुर्चीला लाथ घातली आणि निघाला. गाडीचा आवाज बांधापलीकडे विरेपर्यंत ओक्काबाई खिडकीत उभ्या होत्या. मग त्यांनी दोन्ही दारांना कड्या घातल्या.

“आई, तुमचे उपकार...”

“उपकार गेले खड्ड्यात! मला तू तेव्हाही आवडत नव्हतीस, आजही नाही. रडू नकोस इथे. आज वरच्या खोलीत झोप, सकाळी मी बसपर्यंत येते. काढ तो फोन आणि लिही. ओक्का फोकेन यांच्याकडे, बांधवाट, अकरा. स्पेलिंग चुकवू नकोस, टपालवाला आधीच आंधळा आहे.”

टोमकेने लिहिलं. अक्षरं डोळ्यांपुढे पोहत होती. “पण मग इतकी वर्षं तुम्ही एक शब्द का नाही बोललात?”

ओक्काबाईंनी हायोचा कप विसळायला घेतला.

“याचा बाप गेला तेव्हा गाव म्हणालं, देवमाणूस गेला. मीही मान डोलावली. तो जिवंत असताना तीनदा पिशवी भरली होती गं मी,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “पण जायला माझ्याजवळ कुणाचा पत्ता नव्हता.”