दाराशी अडकलेली मालिका

मालिका पुन्हा तिथेच अडकली. नवऱ्याशी भांडलेल्या नायिकेचा हात दाराच्या कडीवर आणि पडद्यावर गरगर फिरणारं चक्र.

"नेटच भिकार आहे," दत्ताराम हणमशेट करवादले. राउटर बंद-चालू करून झाला होता, कपाटावरून खिडकीत आणून झाला होता. शेवटी इंटरनेट कंपनीची रेश्मा आली. तिने वायर बदलली, वेग तपासला.

"लाइन झकास आहे, काका. बाकीचं सगळं दिसतंय ना?"

"क्रिकेट पळतंय. हीच एक रखडते."

"मग दोष नेटचा नाही. या मालिका आधी काढून ठेवलेल्या नसतात. बघणाऱ्यांच्या मनात काय आहे ते टीव्ही ओळखतो आणि पुढचा प्रसंग जागच्या जागी तयार करतो. दोघांना वेगवेगळं हवं असलं की अडतो."

दत्ताराम हसले. "वेगवेगळं कसं? एवढ्याशा भांडणावरून कोण घर सोडतं? काय गं, शालन?"

बायकोची नजर पडद्यावरच्या कडीवर होती. रेश्माने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"काका, मिनिटभर गॅलरीत थांबता? बघू या काय होतंय."

ते बाहेर गेले आणि चक्र नाहीसं झालं. नायिकेने कडी काढली, भराभर जिना उतरली. तिच्या खांद्याला शालनताईंचीच जांभळी पिशवी होती.

"लागली का गं?" गॅलरीतून आवाज आला.

शालनताईंनी झटकन टीव्ही बंद केला.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "नेटच भिकार आहे."

रेश्मा वायर गुंडाळत राहिली.