चपटी टिकली

रायफलीचा बोल्ट उघडेना. श्यामकांतांनी तळहाताने खालून ठोसा दिला, तेव्हा कुठे तो वर आला आणि रिकामी पुंगळी टेबलावर घरंगळली.

"थंडी आहे," ते म्हणाले. "लोखंडच ते, कुरकुरणारच." आणि दुसऱ्या काडतुसाकडे त्यांनी हात नेला.

योगिनीने पुंगळी उचलली. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या त्या शूटिंग क्लबात दर रविवारी सासऱ्यांबरोबर, म्हणजे या बाबांबरोबर, येणारी सून ती एकटीच. नवरा चिडवायचा, लोक देवळात जातात आणि आमच्या घरचे बार उडवायला. चिडवेना का. रायफलीतलं जे काही तिला कळत होतं ते बाबांनीच शिकवलं होतं. काडतुसं घरी आपल्या हाताने भरायची तर दारूची पावडर चिमटीचिमटीने तोलायची, आणि बार झाल्यावर प्रत्येक पुंगळीचं बूड बघायचं. पावडर जास्त झाली की पितळ चहाडी करतं, असं ते सांगायचे.

तिने बूड बघितलं, आणि उजेडाकडे वळवून पुन्हा बघितलं. मधली, बार पेटवणारी प्रायमरची टिकली, जिच्या कडा गोलसर राहायला हव्यात, ती साफ चपटी झाली होती. शेजारी पितळावर चकचकीत ओरखडा. बोल्ट अडकला होता तो थंडीने नव्हे. पुढच्या बाराला रायफल फुटू शकली असती, आणि बाबांचा गाल तर तिला टेकलेला असायचा.

"बाबा, थांबा. आधी हे बघा."

त्यांनी चष्मा बदलला, पुंगळी दिव्याखाली धरली. एका नजरेत त्यांनी ओळखलं, आणि वेडी आशा म्हणतात ती हीच, योगिनीला क्षणभर बरं वाटलं.

"अगं, ही तर पोळीसारखी लाटली गेलीय. आणि हा ओरखडा बघितलास ना? दाब फार झालाय, फार. कोणी भरलं हे?"

तिने दुसरं काडतूस त्यांच्या हातापासून लांब सरकवलं.

"कोणी का असेना. तोलायचं सोडून अंदाजाने ओतलीन पावडर. त्याला सांग, आजपासून या कामाला हात लावायचा नाही. वाईट वाटेल त्याला, वाटू दे. भीड भिकेची बहीण, योगिनी. आपल्या भिडेपायी कोणाचा तरी डोळा जायचा, नाहीतर जीव."

क्लबातल्या कोणाचं तरी डच नाव तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. सांगून टाकलं असतं तर आजचा दिवस निभावला असता. पण उद्या ते पुन्हा घरी काडतुसं भरायला बसले असते, आणि पुढच्या रविवारी इथे.

"तुम्हीच भरलंत, बाबा," ती म्हणाली. "गुरुवारी. मी समोर बसून मटार सोलत होते."

ते आधी हसले. मग त्यांनी समोरच्या डब्याकडे पाहिलं. डबा त्यांचा, रायफल त्यांची, आजूबाजूला दुसरं कोणी नाही.

"गुरुवारी मी काय केलं?" त्यांनी विचारलं. आठवण करून दे म्हणून नव्हे, खरंच माहीत नाही म्हणून विचारलं. योगिनीला रडू आवरेना. तिने ते आवरलंही नाही.

श्यामकांतांनी मग सगळं रीतसर केलं. बोल्ट उघडा ठेवला, रायफल आडवी केली, नळी निशाणाकडे. उरलेली काडतुसं डब्यात घालून डबा तिच्याकडे सरकवला. स्वेटरच्या गळ्यात हात घालून त्यांनी जानवं बाहेर ओढलं. त्याला घरातल्या कपाटाची किल्ली बांधलेली होती. तोलकाटा, पावडर, भरायचं यंत्र, सगळं त्या कपाटात.

गाठ घट्ट बसली होती. त्यांनी दोनतीनदा नखाने ओढून पाहिलं, मग सोडून दिलं.

"तूच घे," ते म्हणाले आणि मान वर करून उभे राहिले.

ती त्यांच्या छातीशी वाकली. डोळे असे भरून आले होते की तिला गाठ दिसेना.

"सावकाश सोड," ते म्हणाले. "आता मला कुठे काय भरायचंय."