नागम्माचं बोलणं

टाळ्यांचा व्यायाम संपला, चहा आला आणि दीक्षानं सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांना एक साधा प्रश्न विचारला. आज इथं येण्याआधी घरी कुणाशी काय बोललात?

तामलवाडीच्या जुन्या शाळाखोलीत दर शुक्रवारी दुपारी गावातली म्हातारी माणसं जमायची. एका संस्थेनं हे केंद्र सुरू केलं होतं आणि गावचीच सून असलेली दीक्षा ते चालवायची. केंद्र म्हणजे दोन सतरंज्या, एक कॅरम आणि चहाची किटली.

बलभीम म्हणाले, शेळीला शिव्या घातल्या. गोरोबा म्हणाले, देवाशी बोललो, त्यानं नेहमीसारखं ऐकून घेतलं. कडूबाईनं सुनेबरोबरचं सकाळचं भांडण दोन्ही बाजूंनी करून दाखवलं, तेव्हा हसता हसता बलभीमांना ठसका लागला. मग नागम्माची पाळी आली.

ती भिंतीला टेकून, पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. तिनं कप खाली ठेवला.

"कुणाशी न्हाय," ती म्हणाली.

मग काल? दीक्षानं विचारलं. नागम्मानं आठवून बघितलं. काल मुलाचा पुण्याहून फोन आला होता. गोळ्या घेतल्या का, असं त्यानं विचारलं आणि तिनं हो म्हटलं. तेवढं सांगून ती थांबली. हसणारेही थांबले. धोंडप्पा गेल्यापासून तिचं असंच चाललंय, असं कडूबाई शेजारणीच्या कानात म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं.

धोंडप्पा आणि नागम्मा अक्कलकोटच्या पलीकडचे. लग्नानंतर लगेच इथं आले ते इथलेच झाले. गावाशी मराठी आणि एकमेकांशी कन्नड, असा दोघांचा संसार. मुलगा लहानपणी थोडं कन्नड बोलायचा, शाळेत गेला आणि विसरला. नागम्माचं मराठी कुठं अडत नव्हतं. बाजारात ती भाव पाडायची, बांधावरून भांडायची, बारशाला नाव घ्यायची, सगळं मराठीत. पण रात्री दाराला कडी लागली की जी भाषा घरात सुरू व्हायची, ती बोलायला आता समोर माणूस उरलं नव्हतं. एकटीनंच बोलावं तर वेड लागलं की काय, असं तिला वाटायचं. म्हणून ती गप्प राहायची.

दीक्षा पुढच्या माणसाकडं वळली. ती होती भिमाबाई, नागम्माच्या शेजारीच बसलेली. तिचंही उत्तर फार वेगळं नसतं. मुलगा नागसेन धाराशिवला नोकरीला, आणि गावातल्या घरात ती एकटी. पण भिमाबाईचं लक्ष प्रश्नाकडं नव्हतं. ती नागम्माकडं बघत होती.

तरुणपणी कितीतरी हंगाम भिमाबाई नवऱ्याबरोबर कर्नाटकात ऊसतोडीला गेली होती. तिकडचे चार शब्द तिच्या कानात राहिले होते. बा म्हणजे ये, नीर म्हणजे पाणी, हौदू म्हणजे हो आणि लगु लगु म्हणजे आटप लवकर. बहुतेक सगळे मुकादमाच्या तोंडचे. एक वाक्य मात्र वेगळं होतं. एका मळ्यातली म्हातारी मालकीण दुपारी बांधावर यायची आणि तोडणीवाल्या बायकांना ते विचारायची.

"ऊटा आतेन?" भिमाबाईनं विचारलं. जेवण झालं का?

नागम्मानं मान वर केली. आधी ओठ नुसतेच हलले. मग घसा बसल्यासारख्या आवाजात एक वाक्य आलं, त्यामागून दुसरं, आणि मग ती थांबेनाच. कुणालाच काही समजेना. आवाज मात्र हळूहळू मोकळा होत गेला आणि हातही हलायला लागले.

भिमाबाई पहिल्या वाक्यालाच मागं पडली होती. ती मधे मधे "हौदू, हौदू" म्हणत राहिली. धोंडप्पाचं नाव तिला दोनदा ऐकू आलं आणि एकदा नीर. तेव्हा नागम्मानं ओंजळ केली आणि ती कुणाच्या तरी तोंडाशी न्यावी तशी हळूच पुढं नेली. तिथं भिमाबाई हौदू म्हणाली नाही. तिनं नागम्माच्या पाठीवर हात ठेवला.

पुढचा खेळ दीक्षानं घेतलाच नाही. बाकीचे थोडा वेळ बसले, मग एकेक करून चपला शोधत निघाले. गोरोबा जाताना पंखा बंद करणार होते, दीक्षानं त्यांना खुणेनं थांबवलं. तिनं कप गोळा केले, किटली धुतली आणि कुलूप हातात घेऊन ती दारात उभी राहिली.

नागम्माचं बोलणं आपोआप थांबलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तुमाला काय बी कळलं न्हाय," ती मराठीत म्हणाली.

भिमाबाईला खोटं बोलवेना. "न्हाय कळलं," ती म्हणाली. "पर मराठीत सांगा की. मी ऐकते."

नागम्मानं सांगायला तोंड उघडलं. शब्द जुळवून बघितले, पुन्हा बघितले आणि तोंड मिटलं.

"मराठीत ते तसं न्हाय हो," ती म्हणाली.

भिमाबाई भिंतीच्या आधारानं अर्धी उठली होती. ती पुन्हा खाली बसली.

"मग हाय तसंच सांगा," ती म्हणाली.