मास्तर वाचले

तपासनीस बाईंनी वैजयंतीनं जोडलेला पंप सुरू केला. पाण्याची जोरदार धार सुटली. सांध्यातून थेंबही गळला नाही.

“पास!” बाई म्हणाल्या.

वैजयंतीनं आपल्याला वर्षभर शिकवणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. कायदाच होता: माणसाची जागा घेणाऱ्या यंत्रानं दरवर्षी एक शिकाऊ उमेदवार तयार करायचा, नाहीतर भंगारात जायचं. यंदा ती दोनदा नापास झाली होती. ही शेवटची संधी होती, दोघांचीही.

“मास्तर, वाचलात हो!” तिचे डोळे भरून आले. मास्तरांना पाय नव्हते, म्हणून तिनं त्यांच्या तेलकट बैठकीवरच डोकं टेकवलं.

“पाया नंतर पड, पोरी,” मास्तर नेहमीसारखे खेकसले. “टाकी संपत आलीय. आधी पंप बंद कर!”