उजवी कूस

विट्याचा सिद्धू हात वर करून आखाड्याला फेरी मारत होता आणि त्याच्या हाताला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. हलगी कडाडत होती. वडूज भागातली एवढी माणसं त्या दुपारी यात्रेच्या मैदानात बसली होती, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या पोरानं पुढं व्हावं असं वाटत होतं. तेवढ्यात गर्दीतून एकजण शर्ट काढत मातीत शिरला. तो शिवतेज होता.

"आरं, पेशंट आला," कुणीतरी म्हणालं आणि लोक खो खो हसले.

हसायला काय जातंय लोकांचं! शिवतेज सहा वर्षांचा असताना त्याच्या डाव्या मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली होती. मूत्रपिंड काढलं, औषधांनी डोक्यावर केस राहिले नाहीत, पण पोरगं जगलं. आता बाविशीत होता. पहाटे उठून जोर-बैठका, पळणं, दूध, बदाम. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात नाही. सांगलीचे डॉक्टर त्याच्यावर खूश होते. एवढंच म्हणाले होते, की पळ, पोह, काय वाटेल ते कर, पण कुस्ती खेळू नकोस. उजव्या कुशीवर कुणाचा गुडघा बसला आणि ते उरलेलं एक मूत्रपिंड फुटलं, तर मग आमच्या हातात काही नाही. गावानं मात्र यातलं काहीच लक्षात ठेवलं नव्हतं. ठेवलं होतं ते फक्त पेशंट हे नाव.

आणि सिद्धूचा तर डावच गुडघ्याचा. खाली घेतलेल्या गड्याच्या कुशीत गुडघा रोवून तो असा रगडायचा, की गडी आपणहून पाठ टेकायचा.

शिवतेजचा थोरला भाऊ धनाजी कडेला बसला होता. फौजेतून सुट्टीवर आलेला, एके काळचा नावाजलेला पैलवान. भाऊ मातीत उतरलेला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडून पंचांना सांगितलं असतं, तर त्यांनी पोराला दंडाला धरून बाहेर काढलं असतं, पण साऱ्या तालुक्यासमोर. मग हा पोरगा गावातनं परत मान वर करून फिरला नसता. धनाजीनं अंगावरचे कपडे भिरकावले आणि चड्डीवरच सिद्धूला बाजूला सारून भावासमोर जाऊन उभा राहिला.

पंच नाथाजी चिडले. सख्ख्या भावांची कुस्ती कोण लावतं? धनाजी म्हणाला, आधी ह्यानं मला पाडावं, मग खुशाल सिद्धूशी लढावं. लोकांना तमाशाच पाहिजे होता. त्यांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं, आणि नाथाजींनी वैतागून कुस्ती लावली.

धनाजीला वाटलं होतं, अलगद पाठीवर घालू आणि घरी घेऊन जाऊ. पण हे पोरगं चोरून कुठल्या तालमीत घुमून आलं होतं देव जाणे. त्यानं पहिल्या झटक्यालाच मानेवर असा हात हाणला, की धनाजीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग डोकं घातलं. धनाजीचं नाक फुटून रक्त हनुवटीवर आलं. तरी तो भावाची उजवी बाजू सोडूनच धरत होता, आणि ते शिवतेजच्या ध्यानात आलं.

"हिकडनं धर की," शिवतेज दातओठ खात म्हणाला. "मी काय आजारी न्हाई, दादा."

धनाजीनं धरलं नाही. त्या क्षणी शिवतेजनं त्याला कमरेतून उचलून मातीत आपटलं आणि छातीवर बसला. एक खांदा टेकला, दुसरा वीतभर वर राहिला. मैदान उठून उभं राहिलं. लोक शिवतेजचं नाव घेऊन ओरडायला लागले, पेशंट कुणी म्हणेना. पल्याड सिद्धू मांड्या थोपटत आपल्या पाळीची वाट बघत होता. धनाजीला भावाचा अभिमान वाटला, खरंच वाटला, आणि भीती त्याच्या दुप्पट वाटली.

त्यानं खालूनच शिवतेजचं डावं मनगट पकडलं, कोपर काखेत अडकवलं आणि उलटं पिरगाळलं. अशी पकड कुस्तीत चालत नाही. धनाजीनं ती आजवर कुणाला घातली नव्हती. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला.

शिवतेज किंचाळला. हलगी थांबली. मग लोक खवळले. आपल्या पैलवानाचा हात मोडला म्हणून त्यांनी धनाजीच्या आई-बापाचा उद्धार केला. चपला आल्या, ढेकळं आली, एक दगड त्याच्या भुवईवर बसला. नाथाजींनी त्याच्या कानाखाली जाळ काढला आणि विचारलं, पाठच्या भावाचं चांगलं झालेलं बघवलं नाही व्हय तुला? धनाजी शिवतेजकडं वळला. कुणीतरी मागनं त्याच्या पाठीत लाथ घातली. तो तोंडावर पडला आणि तसाच रांगत शिवतेजपाशी गेला.

शिवतेज हात पोटाशी धरून बसला होता. कोपराखालचा हात भलतीकडंच वळला होता.

"तू मुद्दाम मोडलास," तो म्हणाला.

"व्हय. हात जुळतोय."

धनाजीनं त्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. रक्तानं आणि मातीनं माखलेला आपला पंजा त्यानं भावाच्या उजव्या कुशीवर ठेवला आणि हळूच दाबून बघितलं.

"हितं दुखतंय का?"

शिवतेज त्याच्या तोंडावर थुंकला. धनाजीनं तोंड पुसलं नाही, आणि हातही काढला नाही.

"हितं दुखतंय का, तेवढं सांग."