पोट दुखतंय

चौथीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर पालक गुडघे दुमडून बसले होते. टेबलावर निवेदन होतं : 'माझं शरीर' हा दोन पानांचा धडा मुलांना शिकवू नये. खाली छत्तीस सह्या. पहिली सही बसड्रायव्हरची. दीड महिन्यापूर्वी घरोघर फिरून बाकीच्या सह्या त्यानेच गोळा केल्या होत्या.

"धड्यात वावगं काही नाही," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "अवयवांची नावं आहेत. कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं, कुठे दुखलं तर कसं सांगायचं, एवढंच."

पालक संघाचा अध्यक्ष चष्म्याचा दुकानदार. त्याने हसून मान हलवली. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. वय झालं की कळतंच सगळं. आम्हाला कुठे कुणी शिकवलं होतं? आमचं काही अडलं का?"

वर्गात हशा पिकला.

"माझं अडलं."

ड्रायव्हर शेवटच्या बाकावर होता. अंगावर कामाचा गणवेश तसाच. बाकातून सुटून उभं राहायला त्याला वेळ लागला. आता हा बाईंना चार शब्द सुनावणार, म्हणून सगळे सरसावून बसले.

"तीन आठवडे झाले. शनिवारी सकाळी पोरगा म्हणाला, बाबा, पोट दुखतंय. मी पोटाचं औषध दिलं. उलटी झाली, म्हटलं अपचन असेल. गरम पाण्याची पिशवी दिली आणि ड्युटीवर गेलो. रविवारी दुपारी तो पाय फाकवून चालायला लागला, तेव्हा दवाखान्यात नेला. दुखत होता अंडकोष. आतल्या आत पीळ पडला होता. हा शब्दसुद्धा मला या वयात डॉक्टरांनी शिकवला."

पुढच्या बाकावरची एक आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"डॉक्टर म्हणाले, पाच-सहा तासांत आणला असतात तर बहुतेक वाचला असता. काढून टाकावा लागला. नऊ वर्षांचं पोर. मी विचारलं, अरे, दोन दिवस पोट पोट काय करत होतास? खरं का नाही सांगितलंस? तर म्हणाला, तिथलं नाव काढलं की तुम्ही मारता."

बाईंनी टेबलावरचं पुस्तक उघडून तो धडा काढला.

"मारलं होतं मी. जेवताना एकदा काहीतरी विचारलं त्याने. ताटावरून उठवून एक ठेवून दिली होती."

चष्मेवाल्याने घसा खाकरला. "फार वाईट झालं. पण असं हजारात एखाद्याचं होतं. त्यासाठी सगळ्या वर्गाला कशाला? आणि हे बघा, समोर आयाबहिणी बसल्यात. शब्द जरा जपून."

"शब्द जपूनच ठेवले होते," ड्रायव्हर म्हणाला.

तो पुढे आला. टेबलावरचं पेन उचलून त्याने स्वतःच्या सहीवर रेघ ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कागद फाटला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "माझ्या पोराला शिकवा. मला घरी सांगता येत नाही. तोंडच उघडत नाही माझं."

चष्मेवाल्याने धडा नको असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. त्याने बोटाने मोजले. तीन सोडून सगळे. बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळा पुसायला पाठ फिरवली. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

ड्रायव्हर जिना उतरून फाटकापाशी पोचला तेव्हा मागून घाईघाईने पावलं आली. चष्मेवाला होता. त्याने ड्रायव्हरला कोपराला धरून भिंतीकडे घेतलं.

"एक विचारू का?" त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "आमच्या धाकट्याचं सकाळपासून पोट दुखतंय. म्हणजे घरी जाऊन मी नक्की काय बघू?"

ड्रायव्हरने त्याचा हात झटकला. "कशाचं काय बघायचं? नाव घ्या."

चष्मेवाल्याने मागे वळून पाहिलं. बायका बोलत बोलत जिना उतरत होत्या. त्याचे ओठ हलले, आणि पुन्हा मिटले.